ओळंब्याची दोरी आणि अठरा टाचण्या

माझ्या धाकट्या दिरांना सगळी गल्ली ओळंबा म्हणते. ओळंबा म्हणजे गवंड्याचं ते दोरीला टांगलेलं वजन, भिंत सरळ उभी आहे की कलली ते बघायचं. भाऊजींनी तो चाळीस वर्षं हातात धरला आणि कधीतरी तो हातातून अंगात शिरला असावा. चालतात सरळ, बसतात सरळ, तापानं फणफणले तरी पलंगावर असे पडतात की सपाटी बघायच्या पाणसळीनं तपासून घ्यावं. आमच्या घरी आले की आधी भिंतीवरचे फोटो सरळ करतात, मग चप्पल काढतात. माझ्या जाऊबाईचं म्हणणं, "आमच्या लग्नाच्या फोटोत बघा, सगळे कॅमेऱ्याकडे बघतायत आणि हे एकटे मागच्या खांबाकडे."

चौदाव्या वर्षी घमेली उचलायला लागले, विसाव्या वर्षी थापी हातात आली आणि गुडघ्यांनी संप केला तेव्हा थापी खाली ठेवली. शाळा माझ्यापेक्षा दोन यत्ता जास्त, म्हणजे पाच. पण माप घेतलं की वहीत लिहायचं ही सवय मुकादमानं कान पिळून लावली ती कायमची. गावातल्या अर्ध्याअधिक भिंती कोणी बांधल्या, कधी बांधल्या, त्या दिवशी ऊन होतं की ढग होते, हे त्यांच्या वह्यांत सापडेल. घरात किती साखर उरलीय ते मात्र विचारू नका.

एक सवय आणखी. भिंतीला ते कधी टेकत नाहीत. तळहातही लावत नाहीत, हाताची मागची बाजू लावतात, आई पोराचा ताप बघते तशी. मी एकदा विचारलं तर म्हणाले, तळहात कामानं बधिर झालाय वहिनी, मागच्या बाजूला अजून कळतं.

आता मूळ गोष्टीकडे येते.

आमच्या घरापासून चार इमारती सोडून एक तीन मजली इमारत आहे. खाली दुकानं, वर बिऱ्हाडं आणि तळमजल्याला मागच्या बाजूला एक मोठी खोली. त्या खोलीत पाळणाघर चालतं. चालवणारी बाई पन्नाशीची, नवरा नाही, तेरा मुलं सांभाळते. दुपारी सगळी मुलं मागच्या भिंतीलगत गाद्या टाकून झोपवते, कारण ती भिंत आतून गार असते. ती भिंत एकतीस वर्षांपूर्वी भाऊजींनी बांधली. मुकादमाच्या हाताखालून सुटून स्वतःच्या भरवशावर बांधलेली पहिली मोठी भिंत. रस्त्यानं जाताना ते त्या गल्लीत वळायचे आणि तिच्याकडे बघून यायचे, लोक सासरी दिलेल्या मुलीला बघून येतात तसे.

त्या भिंतीला तडा गेला.

तडा म्हणजे काही भगदाड नव्हे. कोपऱ्याजवळ जमिनीपासून खिडकीपर्यंत तिरकी गेलेली रेघ, त्यात वहीचं पान शिरेल एवढी. इमारतीच्या व्यवस्थापकानं भाऊजींना बोलावलं आणि विचारलं, हा जुनाच आहे ना? भाऊजींनी हाताची मागची बाजू लावली आणि म्हणाले, मोजून सांगतो. तड्याच्या दोन्ही अंगांना बाहेरून एकेक पितळी स्क्रू बसवला आणि त्या दोन स्क्रूंमधलं अंतर दर आठवड्याला मोजायला लागले. मोजायचं हत्यार व्हर्निअर. पोलादी पट्टीला दोन जबडे असतात, त्यांत वस्तू धरली की मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत माप कळतं. भिंत फाकत असेल तर स्क्रू एकमेकांपासून लांब जाणार. एवढी सोपी गोष्ट.

असे अठरा आठवडे गेले. आणि अठराव्या आठवड्यात व्यवस्थापक एक छापील कागद घेऊन भाऊजींच्या घरी आला. इमारतीच्या मंडळाला सोमवारी तो द्यायचा होता. कागदावर लिहिलं होतं, भिंत स्थिर आहे, तडा जुना असून वाढत नाही. खाली सहीची जागा. सोबत मापांचं चित्र जोडा, असंही कोपऱ्यात बारीक अक्षरात होतं. माणूस वाईट नव्हता. त्याला कागद हवा होता, पाळणाघरवालीला खोली हवी होती आणि भाऊजींना त्यांची भिंत धड हवी होती. तिघांचंही भलं एका सहीत होतं. भाऊजी लगोलग व्हर्निअर घेऊन गेले, शेवटचं माप घेऊन आले आणि रविवारी सकाळी वही काखेत मारून माझ्याकडे हजर.

माझ्याकडे का, तर माझी सून औषधांच्या कारखान्यात तपासणी विभागात आहे आणि तिच्याकडे चौकोनांचा कागद असतो. जाऊबाईही मागोमाग आली. तिला नवऱ्याचं काम बघण्यापेक्षा माझा चहा महत्त्वाचा होता, तसं ती बोललीही.

सुनेनं कागद काढून दिला. भाऊजींनी चष्मा वर केला, खाली केला, कागद खिडकीशी नेला. त्यातले चौकोन त्यांना दिसेनात. मग मीच म्हटलं, माझी फळी घ्या.

मी दवाखान्यांच्या चादरी, उशांचे अभ्रे शिवत आले. कापड बेतायला माझ्याकडे एक मोठी मऊ फळी आहे, तिच्यावर दोन बोटं रुंदीचे चौकोन आखलेले आहेत. टाचणी खुपसली की उभी राहते. सुनेनं सांगितलं, डावीकडून उजवीकडे एक चौकोन म्हणजे एक आठवडा, खालून वर एक चौकोन म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग. भाऊजी वही वाचत गेले आणि मी टाचण्या खुपसत गेले. लाल डोक्याच्या संपल्या तेव्हा निळ्या घेतल्या. अठरा टाचण्या झाल्या.

मला वाटलं होतं की एक सरळ रांग येईल, नाहीतर जिन्यासारखी चढण येईल. कसलं काय. कोंबड्यांपुढे दाणे फेकल्यासारख्या त्या टाचण्या. एक वर, पुढची खाली, तिसरी पुन्हा वर. जाऊबाई म्हणाली, "ह्यांच्या हातून एवढं वाकडं काही झालेलं मी पहिल्यांदाच बघतेय."

भाऊजी तिच्याकडे न बघता खिशात हात घालते झाले. त्यांच्या खिशात दोरी असतेच, आजही असते. भिंतीचा थर लावताना गवंडी दोन्ही टोकांना एकेक वीट बसवतो, त्यांच्यामध्ये दोरी ताणतो आणि मधल्या सगळ्या विटा त्या दोरीला लावून बसवतो. हे काम त्यांनी किती लाख वेळा केलं असेल. तेच त्यांनी इथे केलं. दोरीचं एक टोक पहिल्या टाचणीला बांधलं, दुसरं शेवटच्या टाचणीला, आणि बोटानं टिचकी मारून बघितली. दोरी ताठ होती आणि सपाट होती. पहिलं माप साडेसाठ मिलिमीटर, शेवटचंही साडेसाठ.

"झालं," भाऊजी म्हणाले. "जिथे होती तिथेच आहे. भिंत हलली नाही."

आणि त्यांनी मधल्या टाचण्या मोजल्या. सोळा. दोरीच्या वर आठ, दोरीच्या खाली आठ. तराजू बरोबर. त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान आलं ते मी त्यांच्या मुलीच्या बारशालाही बघितलं नव्हतं. खिशातून पेन काढलं, सहीची जागा शोधली.

माझी सून बोलायला हळू आहे. कारखान्यात दिवसभर एकटीनं काचेच्या नळ्यांशी असते म्हणून असेल. ती फळीवर वाकून बघत राहिली आणि म्हणाली, काका, सही जरा थांबवाल?

भाऊजींच्या कपाळाला आठी पडली. तिनं मोठ्या आदरानं विचारलं, की वरच्या आठ कुठल्या आणि खालच्या आठ कुठल्या, ते एकदा बघू या का. आम्ही बघितलं. डाव्या बाजूला, म्हणजे सुरुवातीच्या आठवड्यांत, आठपैकी सात टाचण्या दोरीच्या खाली. उजव्या बाजूला आठपैकी सात दोरीच्या वर. मोजायला सारख्या, पण बसल्या होत्या लग्नात मुलीकडचे एका बाजूला आणि मुलाकडचे एका बाजूला बसतात तशा.

मी तिसरी पास बाई, पण एवढं मलाही दिसलं. दोरी सपाट होती, टाचण्यांचा थवा मात्र हळूहळू वर चालला होता. फक्त त्या थव्यातली पहिली आणि शेवटची, एवढ्या दोघी वेगळ्या. पहिली आपल्या शेजारणींपेक्षा उंच आणि शेवटची आपल्या शेजारणींपेक्षा ठेंगणी. आणि भाऊजींनी दोरी नेमकी त्या दोघींनाच बांधली होती.

"दोरी टोकांनाच बांधतात, सूनबाई," भाऊजी म्हणाले. "मध्ये बांधून भिंत होत नाही."

मग सुनेनं तिच्या कामातलं सांगितलं. कारखान्यात ती औषध पाण्यात विरघळवते, कमी-जास्त करून, आणि प्रत्येक नळीचा रंग यंत्रावर मोजते. जास्त औषध, गडद रंग. कागदावर ठिपके काढले की ते एका रेषेत यायला हवेत, पण रोज थोडे इकडेतिकडे होतातच. कधी हात हलतो, कधी खोली तापते, कधी यंत्राला लहर येते. म्हणून एका ठिपक्यावर विश्वास टाकायचा नाही, पहिल्यावर नाही आणि शेवटच्यावरही नाही. सगळ्यांच्या मधून अशी रेषा काढायची की प्रत्येक ठिपका तिच्यापासून जेवढा लांब पडतो ती लांबी सगळ्यांची मिळून कमीत कमी व्हावी. त्यातही जो फार लांब पडला त्याची तक्रार जास्त ऐकायची. तिला ते जुळती रेषा म्हणतात. ती रेषा कदाचित एकाही ठिपक्यावरून जाणार नाही, तरी ती सगळ्यांची असते.

"एकाही टाचणीला न बांधता दोरी धरायची कशाच्या आधारावर?" भाऊजींनी विचारलं. प्रश्न कुत्सित नव्हता. त्यांना खरंच कळत नव्हतं.

ती म्हणाली, हातानं धरून बघू. तिनं माझ्या रिळाचा काळा दोरा घेतला, एक टोक भाऊजींच्या हातात दिलं, एक स्वतः धरलं आणि दोघं फळीवर तो दोरा वरखाली सरकवू लागले. मी मध्ये बसून सांगत होते. भाऊजींचं टोक डावीकडे होतं, ते खाली आणायला मी सांगितलं की त्यांचा हात दीड बोट खाली यायचा आणि तिथेच अडायचा. पहिली टाचणी सोडवत नव्हती त्यांच्यानं. शेवटी जाऊबाईनं चहाचा कप खाली ठेवला, त्यांचं मनगट धरलं आणि खाली ओढलं. म्हणाली, "एवढी ओढ माझ्या माहेरच्यांबद्दल कधी दिसली नाही."

दोरा जिथे थांबला तिथे डावीकडेही काही टाचण्या वर आणि काही खाली होत्या, उजवीकडेही तसंच. आणि तो सपाट नव्हता. डावीकडून उजवीकडे चढत होता. सुनेनं चौकोन मोजले. पाच. म्हणजे अठरा आठवड्यांत अर्धा मिलिमीटर.

अर्धा मिलिमीटर म्हणजे काय, तर माझ्या दोन टाचण्यांच्या दांड्यांपेक्षाही कमी. पण भिंत ही गोष्ट तशी बसल्या जागी बसायची असते.

भाऊजी सहजासहजी हटणारे नव्हेत. त्यांनी तेराव्या टाचणीवर बोट ठेवलं, ती सगळ्यांत उंच होती. म्हणाले ही काढून टाका, ही भलतीच आहे, हिच्यामुळे दोरा चढतोय. सुनेनं विचारलं, त्या दिवशी काही झालं होतं का, व्हर्निअर पडला, स्क्रूला धक्का लागला. भाऊजींनी वही उघडली. त्यांच्या वहीत दिवस, वेळ, माप आणि शेवटी भिंतीची तब्येत लिहिलेली असते, गार, कोमट किंवा तापलेली. तेराव्या आठवड्यापुढे नुसतं 'कोमट' लिहिलं होतं, बाकी काही नाही. मग राहू दे, सून म्हणाली. कारण असेल तर काढता येते, नको वाटते म्हणून नाही.

खोटं लिहून कारण तयार करता आलं असतं. पेन त्यांच्या हातात होतं आणि वही त्यांचीच. पण हा माणूस फोटो सरळ केल्याशिवाय चप्पल काढत नाही.

वही उघडीच होती म्हणून सुनेनं पहिलं पान बघितलं. पहिलं माप, सकाळी साडेसहा, भिंत गार, हात गारठले. मग शेवटचं. दुपारी दोन, भिंत तापलेली. तिनं नुसतं ते दोन्ही वाचून दाखवलं. तिला भिंतीतलं काही कळत नाही.

भाऊजींना कळतं. ते बसल्या जागी हळूहळू मागे टेकले. खुर्चीला टेकले, भिंतीला नाही, पण तेही मी पहिल्यांदाच बघत होते. लांब कुंपणाच्या भिंतीत मध्ये मध्ये फट का ठेवतात हे त्यांनीच मला एकदा सांगितलं होतं. उन्हात भिंत फुगते, थंडीत आखडते. फुगली की तडा मिटतो, आखडली की उघडतो. पहिल्या दिवशी गारठ्यात मोजलं म्हणून माप उगाच मोठं आलं आणि शेवटच्या दिवशी घाईनं भर दुपारी मोजलं म्हणून उगाच लहान. टोकाच्या दोन्ही टाचण्या खोटं बोलल्या नव्हत्या, पण दोघींनी मिळून एक खोटी दोरी धरली होती.

ते म्हणाले, "भिंत बांधताना विटा दोरीचं ऐकतात, वहिनी. इथे दोरीनं टाचण्यांचं ऐकायचं. मी उलटं केलं."

आणि सुनेकडे वळून एकच प्रश्न विचारला, की हा दोरा असाच पुढे नेला तर वर्षभरानं किती होईल. ती म्हणाली, नेऊ नका काका. टाचण्या आहेत तिथपर्यंत दोरा बोलतोय. त्याच्या पुढे आपण बोलतोय.

सही त्यांनी केली नाही. छापील मजकुरावर आडवी रेघ मारली, पट्टी लावून, आणि मागच्या कोऱ्या बाजूला आपल्या पाचवीच्या अक्षरात लिहिलं. तडा वाढत आहे. अठरा आठवड्यांत सुमारे अर्धा मिलिमीटर. खोली रिकामी करून पाया उकरून बघावा. 'सुमारे' हा शब्द लिहिताना त्यांचं पेन थांबलेलं मी बघितलं. आयुष्यात त्यांनी सुमारे म्हणून काही सांगितलं नव्हतं. त्याखाली सही केली.

व्यवस्थापकानं डोक्याला हात लावला. अर्ध्या मिलिमीटरसाठी खोली बंद करायची तर मंडळापुढे मी काय सांगू, असं तो दोनदा म्हणाला. भाऊजी त्याला माझ्या घरी घेऊन आले आणि फळीपुढे बसवलं. त्यालाही पहिल्यांदा दोरी टोकांनाच बांधू दिली. मग काळा दोरा हातात दिला. अर्ध्या तासानं तो उठून गेला आणि मंगळवारी उकरायला माणसं आली.

पाळणाघरवालीला सांगायला मात्र भाऊजी एकटे गेले. ती फार बोलली त्यांना. तेरा मुलं घेऊन रस्त्यावर बसू का, असं म्हणाली, आणि भिंत तुमचीच आहे ना, असंही म्हणाली. भाऊजींनी हो म्हटलं. इमारतीच्या पुढच्या बाजूला एक बंद दुकान होतं, ते व्यवस्थापकानं तात्पुरतं उघडून दिलं. तिथे ऊन यायचं, मुलं झोपायची नाहीत आणि ती भाऊजींकडे बघून तोंड फिरवायची. महिनाभर ते त्या गल्लीत वळले नाहीत असं नाही. वळायचेच, फक्त डोळे खाली असायचे.

पाया उकरला तेव्हा दोन गोष्टी निघाल्या. सांडपाण्याच्या नळाचा एक सांधा सुटला होता आणि तिथून पाणी झिरपून कोपऱ्याखालची माती वाहून गेली होती. बादली बसेल एवढी पोकळी. ते बघून व्यवस्थापकाचा जीव भांड्यात पडला, दोष नळाचा निघाला म्हणून. दुसरी गोष्ट कोणाच्या लक्षात आली नसती. त्या कोपऱ्यात पाया नकाशातल्यापेक्षा एक वीत उथळ होता. खाली दगड लागलाय, पुरे, असं एकतीस वर्षांपूर्वी त्या इमारतीच्या कामावरचा मुकादम म्हणाला होता. आणि ज्याची स्वतःची पहिली मोठी भिंत असते तो वीस वर्षं थांबलेला असतो, वीतभर खणायला थांबत नाही. भाऊजींनीही पुरे म्हटलं होतं.

हे त्यांनी खड्ड्याच्या काठावर उभं राहून व्यवस्थापकाला सांगितलं, कोणी विचारलं नसताना. घरी येऊन जाऊबाईला सांगितलं. मग मला सांगायला आले. मी म्हटलं, भाऊजी, नळ फुटला नसता तर ती वीत कोणाला कळलीही नसती. ते म्हणाले, मला कळलेली होती. आणि माझ्या भिंतीवरचा फोटो सरळ करून गेले. फोटो सरळच होता.

नळ बदलला, कोपरा खोल खणून काँक्रीट भरलं, तडा साफ करून भरून घेतला. स्क्रू पुन्हा बसवले. आता भाऊजी दर सोमवारी सकाळी बरोबर आठ वाजता मोजतात, गुडघा दुखो की पाऊस पडो, आणि वहीत भिंतीची तब्येत आधी लिहितात, माप नंतर. तिथून थेट माझ्याकडे येतात. मी टाचणी खुपसते. माझी कापड बेतायची फळी गेले कित्येक महिने भिंतीच्या नावानं अडकून पडली आहे आणि मी चादरी जमिनीवर बसून बेतते. कंबर बोलते माझ्याशी, पण असू दे.

टाचण्या अजूनही जरा वर जरा खाली असतात. भाऊजींना आता त्याचा राग येत नाही. पहिल्या चारसहा झाल्या तेव्हा जाऊबाईनं विचारलं, काय म्हणतो दोरा. ते म्हणाले, अजून तोंड उघडलं नाही त्यानं. दहा झाल्या तेव्हा त्यांनी आणि सुनेनं काळा दोरा धरला. ह्या वेळी भाऊजींचा हात पहिल्या टाचणीशी अडला नाही. दोरा सपाट आला, किंचित उजवीकडे खाली, पण सून म्हणाली तेवढं टाचण्यांच्या धडपडीत लपून जातं.

पाळणाघरवाली परवा माझ्याकडे आली. उशांचे अभ्रे शिवायला टाकायचे होते, असं म्हणाली, पण हातात कापड नव्हतं. फळीपुढे उभी राहिली आणि टाचण्या मोजल्या. चौदा होत्या. भाऊजी तिथेच बसले होते. तिनं त्यांना विचारलं, दोरा सपाट आहे ना, मग मुलं परत नेऊ का खोलीत.

"अजून चार सोमवार," भाऊजी म्हणाले. "मागे अठरांनी सांगितलं होतं. आताही अठरांनाच विचारू."

मला वाटलं, आता ही तोंड फिरवणार. पण तिनं चष्मा लावला, वाकून बघितलं आणि विचारलं की ह्यातली ही तिसरी एवढी खाली का. भाऊजींनी वही उघडून तिला दाखवली. दोघंही वाकून बघत बसले. वहीत काही कारण लिहिलेलं नव्हतं, म्हणून टाचणी आहे तिथेच आहे.